सव्वापंच्याण्णव मिलिमीटर

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘21 गन सॅल्यूट’वाल्यांनी जुन्या गाड्यांचा सोहळा भरवला होता, तेव्हा अर्धं बडोदं तिकडे लोटलं होतं. लोक बॉनेटवरच्या मूर्ती, पितळी दिवे, चामड्याच्या गाद्या पाहत होते. मीही पाहिल्या. पण जास्त वेळ मी थांबलो तो सुट्या चाकांपाशी. जुन्या मोठ्या मोटारींच्या पुढच्या मडगार्डांत खोबणी करून, एकेका बाजूला एकेक, अशी दोन अख्खी चाकं बसवलेली असायची. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, नालांचे खिळे विखुरलेले असत, आणि पंक्चर ही रोजची गोष्ट होती. गाडी बनवणाऱ्यानं ती गृहीत धरली होती आणि सुट्या चाकाला दर्शनी जागा दिली होती. पुढे ते चाक डिकीत गेलं, मग डिकीच्या तळाला, मग अंगानं बारीक झालं, आणि आता बऱ्याच नव्या गाड्यांत ते नसतंच.

माझं मकरपुरा जीआयडीसीत लेथ आणि फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. पोट भरतं ते फ्लँज, शाफ्ट आणि टाक्यांच्या झाकणांवर. बडोद्याच्या आसपास रिफायनरी आणि रसायनांचे कारखाने असल्यामुळे ते काम कायम असतं. जुन्या गाड्यांचं काम घरातून आलं. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या त्या शाळेत मुलांना आधी हातात कानस देत आणि माप घेतल्याशिवाय धातूला हात लावू देत नसत, असं आजोबा सांगायचे. वडिलांनी तीच शिस्त आम्हाला लावली. त्यामुळे गावातल्या कुणाच्या जुन्या गाडीचा एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला, की तो माणूस फिरत फिरत आमच्याकडे येतो.

दांडिया बाजारातल्या काकू तशाच आल्या. गाणं शिकवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची 1966 सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दारांची. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मूळची इंग्लंडातली ट्रायम्फ हेराल्ड, 1959 साली आलेली, मिकेलोत्ती या इटालियन माणसानं रेखलेली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती 1961 पासून आपल्याकडे बनवली. बॉनेट उघडताना मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलंडतं आणि इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग सगळं मोकळं समोर येतं. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. मांडवीच्या गल्लीतही तिला मागे-पुढे करावं लागत नाही. मला ही गाडी फार आवडते, कारण ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेली आहे.

काकूंची अडचण अशी होती. गाडीला पाच चाकं होती, त्यांतलं पाचवं डिकीच्या तळातल्या खोलगट जागेत वर्षानुवर्षं पडून राहिलं. पावसाचं पाणी रबरी पट्टीतून आत झिरपत गेलं आणि रिमची कड गंजून पापुद्र्यांसारखी सुटायला लागली. दरवर्षी दत्तजयंतीला काकू स्वतः गाडी चालवत गरुडेश्वरला जातात. टेंबे स्वामींची समाधी तिथे आहे. बडोद्याच्या मराठी घरांतून नर्मदेकाठची ही वारी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. रस्ता डभोई, तिलकवाडा असा. परतताना अंधार पडतो. मार्गशीर्षातली पौर्णिमा असली तरी तिलकवाड्याच्या अलीकडे-पलीकडे काही पट्टे असे आहेत की तिथे पंक्चर झालं तर मदतीला कोण येईल ते सांगता येत नाही.

भाच्याच्या नव्या गाडीच्या डिकीतलं बारीक चाक काकूंनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “अरे, असलं एक मला बघून दे. हलकं आहे, मला उचलता येईल, आणि त्या खड्ड्यात बसूनही वर पिशव्यांना जागा राहील.”

मागणी अगदी रास्त होती. 1904 च्या सुमाराला वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी जी पहिली स्टेपनी विकायला काढली, ती हीच गरज भागवायला. ती चाक नव्हती. आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव होती. पंक्चर झालेल्या चाकाला ती शिकंज्यांनी बाहेरून आवळायची आणि हळूहळू मुक्काम गाठायचा. आजचं बारीक सुटं चाक सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी गाड्यांतून रुळलं. तेलाचे भाव भडकल्यावर कारखानदार गाडीतला किलो-किलो कमी करायला लागले होते. दोन्हींचं काम एकच: घरापर्यंत पोहोचवणं.

काकूंच्या भाच्यानं ते चाक मोजायला आणून दिलं. टायरच्या अंगावर T125/80 D15 असं लिहिलेलं होतं. टी म्हणजे तात्पुरता. 125 मिलिमीटर रुंदी, उंची त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे 100, आणि रिम 15 इंची. 381 मध्ये दोनदा शंभर मिळवले की 581 मिलिमीटर व्यास. काकूंच्या गाडीला मूळ 5.20-13 चे टायर होते. ते आता मिळत नाहीत म्हणून तिच्यावर 155/80 आर 13 चे रेडियल चढवलेले आहेत. त्यांचा हिशेब मांडला: 330 अधिक दोनदा 124, म्हणजे 578. पंधरा इंची चाक तेरा इंची गाडीला जवळजवळ तंतोतंत! तीन मिलिमीटरचा फरक टायर झिजण्यातच निघून जातो. त्या दुपारी मला खरंच आनंद झाला होता. व्यास जुळणं महत्त्वाचं असतं; एकाच अॅक्सलवर लहान-मोठी चाकं असली की लहान चाक जास्त फिरतं आणि मागच्या अॅक्सलवर हा भार डिफरन्शियलच्या दातांवर येतो.

मग भोकं मोजली.

चार भोकांच्या चाकाला हे माप घेणं सोपं असतं. एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर लावायचा, की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. यालाच पीसीडी म्हणतात. नव्या चाकाचं आलं 100 मिलिमीटर. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांना हेच माप असतं. हेराल्डचं माप पावणेचार इंच, म्हणजे 95.25. ट्रायम्फच्या हेराल्ड, स्पिटफायर, डोलोमाइट या कुटुंबाबाहेर हे माप क्वचितच भेटतं. भारतातल्या नव्या गाड्यांत मला ते कुठेही आढळलेलं नाही.

फरक पावणेपाच मिलिमीटरचा. म्हणजे प्रत्येक भोक केंद्रापासून 2.375 मिलिमीटर जास्त लांब. चाक हबवर टेकवलं की स्टड भोकांतून डोकावतात, आणि नेमका इथेच धोका आहे. कारण हेराल्डचे स्टड 3/8 इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीचे, तर नव्या रिमची भोकं बारा मिलिमीटरच्या स्टडसाठी केलेली. एवढ्या सैल भोकांत चारही स्टड कसेबसे शिरू शकतात. पाहणाऱ्याला वाटतं, बसलं.

प्रतापनगरकडचा टायरवाला चांगला कारागीर आहे, त्याच्या हाताखाली ट्रक उभे राहतात. तो म्हणाला, “होल जरा मोटा करी आपीए, साहेब. चालशे. घर सुधीज जवानुं छे ने?”

मी नाही म्हणालो, आणि त्याच्या बाकड्यावर बसून त्याला कारणही सांगितलं. चाकाचा भार स्टड उचलत नाहीत. नट आवळल्यावर रिमची पाठ हबवर दाबली जाते आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाकाला धरून ठेवतं. नटाचं तोंड निमुळतं, शंकूच्या आकाराचं असतं. रिमच्या भोकालाही तसाच उतार असतो. एकात एक शंकू बसले की चाक आपोआप मध्यावर येतं आणि नट सगळ्या बाजूंनी टेकतो. भोक कानशीनं लांबट केलं की तो उतारच गेला. नट दोन ओठांवर टेकतो, चाक मध्य सोडून फिरतं, प्रत्येक फेऱ्याला किंचित सरकतं, नट सैल होतो आणि मग स्टड वाकायला लागतात. घरापर्यंतच जायचंय हे खरं, पण ते घर साठ-सत्तर किलोमीटरवर आहे आणि गाडी चालवणारं माणूस एकटं आहे. त्यानं ऐकून घेतलं, त्या चाकाचं भोक बोटानं चाचपलं आणि मान हलवली.

दुसरा मार्ग मधल्या प्लेटीचा होता. हबवर 95.25 च्या चार भोकांनी बसेल आणि स्वतःच्या अंगावर 100 च्या वर्तुळात चार स्टड घेऊन उभी राहील, अशी पोलादी प्लेट. दोन वर्तुळं इतकी जवळ आहेत की एका रांगेत भोकं पाडता येत नाहीत. एक संच पंचेचाळीस अंशांनी फिरवावा लागतो. हबचे नट प्लेटीच्या पोटात बुडायला हवेत, म्हणून जाडी वीस-पंचवीस मिलिमीटर. तेवढं चाक बाहेर येतं. पण नव्या गाड्यांची चाकं मुळात आत ओढलेली असतात, म्हणून ते थोडंफार जुळून आलं असतं. कागदावर हे चित्र व्यवस्थित उतरलं होतं. आमच्या लेथवर सहज होणारं काम होतं, आणि रोज फ्लँज करणाऱ्या माणसाला अशा प्लेटीचा मोह होणं साहजिक आहे.

मी ती बनवली नाही. कारण माझ्या डोळ्यांपुढे ती प्लेट वर्कशॉपमधल्या उजेडात नव्हती. ती काकूंच्या हातात होती, अंधारात, मोबाइलच्या बॅटरीवर. आधी पंक्चर चाक काढायचं, मग प्लेट चढवायची, इंची पाना लावून तिचे चार नट आवळायचे, मग चाक चढवायचं, पाना बदलून मेट्रिकचे चार नट आवळायचे. प्लेटीच्या मागे मातीचा खडा अडकला तरी ती सपाट टेकणार नाही. एक नट गवतात पडला की संपलं.

आणि टायरचा स्वतःचा स्वभाव असतो तो वेगळाच. या बारीक टायरमध्ये 60 पौंड हवा लागते. नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. पंपावरचा मुलगा सवयीनं तीस-बत्तीस भरून मोकळा होतो, आणि डिकीत पडल्या-पडल्या हवा उतरते ती निराळी. अर्ध्या हवेवर तो टायर भार घेत नाही. ताशी 80 किलोमीटरची मर्यादा त्याच्यावरच छापलेली असते, ती काकूंना अडचणीची नव्हती. पण हेराल्डच्या मागच्या चाकांचा प्रश्न होता. तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये अर्धे अॅक्सल मधल्या पेटीपासून खालीवर झुलतात. वळणावर जोरात गेलं आणि मागची बाजू उचलली गेली, की बाहेरचं चाक आत दुमडल्यासारखं होतं. अशा अॅक्सलवर एका बाजूला रुंद रेडियल आणि दुसऱ्या बाजूला कडक, अरुंद टायर मला कधीच चालणार नाही. मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे न्यायचं आणि बारीक चाक पुढे लावायचं, म्हणजे एका पंक्चरसाठी दोनदा जॅक. सत्तरीच्या माणसाला रस्त्याकडेला.

ज्यांच्याकडे जुन्या मर्सिडीज आहेत त्यांना वाटतं आपलं सोपं आहे, म्हणून इथेच सांगून टाकतो. त्यांतल्या डब्ल्यू 123 ला पाच भोकं आणि 112 चा पीसीडी. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांनाही तोच. म्हणून त्यांचं बारीक चाक चालेल असं सर्रास सांगितलं जातं. पण मर्सिडीजच्या हबचा मधला उंचवटा साडेसहासष्ट मिलिमीटरच्या आसपास, आणि फोक्सवॅगनच्या चाकाचं मधलं भोक 57.1. चाक हबवर टेकतच नाही. शिवाय बोल्टची जाडी वेगळी, त्यांच्या गोल बैठकीची त्रिज्या वेगळी. भोकांचं वर्तुळ जुळलं म्हणजे चाक जुळलं असं होत नाही.

सुटं चाकच न ठेवण्याचाही एक मार्ग असतो. सरकारनं 2020 साली नियम बदलला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना सुटं चाक ठेवायची सक्ती काढून टाकली. विजेवरच्या गाड्यांत बॅटरीला जागा हवी असते, त्यामुळे हा बदल समजण्यासारखा आहे. पण हेराल्डच्या रिमला टायरची कड अडवून धरणारा उंचवटाच नसतो. त्या काळच्या रिमवर ट्यूबशिवाय टायर चालवू नये. हवा कमी झाली की कड आत घसरते. म्हणजे ती सोय काकूंना नव्हती. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर घेता येतो, तोही काकूंनी घेतला नाही. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. “माझी गाडी प्रदर्शनाची नाही,” त्या म्हणाल्या. “ती गरुडेश्वरला जाते.”

हे वाक्य ऐकल्यावर मला दिशा मिळाली. हेराल्डचं चाक हेराल्डचंच हवं. जे काही बारीक करायचं ते टायरमध्ये करायचं.

145/80 आर 13 हा टायर जुन्या वॅगन-आरला लागतो, म्हणून तो गल्लोगल्ली मिळतो. काकूंच्या टायरपेक्षा दहा मिलिमीटर अरुंद आणि व्यासाला सोळा मिलिमीटर कमी: 562. घरापर्यंतच्या वाटेपुरता तेवढा फरक चालून जातो. दोन्ही रेडियल, दोन्हींत नेहमीची हवा, पुढे-मागे कुठेही लावता येणारा. आकारानं तो नव्या गाडीच्या बारीक चाकाइतका कृश नाही, पण त्या खोलगट जागेत तो पूर्ण खाली बसतो आणि वरचं फळकूट सपाट राहतं. आपल्या शेजारी लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, हलोलला सीएटचा. टायरच्या बाबतीत बडोदेकर कधी अडत नाही. अडतो तो रिमपाशी.

रिमसाठी मी आधी मुंबईला, कुर्ल्याच्या भंगारात पाहिलं. तिथे पद्मिनी आणि अँबेसिडरचं सामान अजून निघतं, हेराल्डचं नाही. मग मद्रासकडे वळलो. गाडी तिथे जन्मली, तर तिची हाडंही तिथेच असणार. चेन्नईच्या पुदुपेट्टईतल्या गाड्यांच्या भंगार बाजारात एका दुकानदारानं हेराल्डच्या रिम असल्याचं फोनवर सांगितलं. मी त्याला फोटो मागितले ते पाठीमागच्या बाजूचे. पुढून सगळ्या रिम सारख्या दिसतात, रंगाचा एक हात मारला की झालं. पाठीमागे वेल्ड दिसते, भोकांभोवतीची झीज दिसते, मधली तबकडी हबवर टेकून जिथे चमकते ती जागा दिसते. त्यातून तीन निवडल्या आणि ट्रान्सपोर्टनं मागवल्या.

आल्यावर आधी शॉट ब्लास्ट करून रंग काढला. मग डाय पेनिट्रंट. टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या गावात ही चाचणी घरोघरी म्हणावी इतकी सोपी आहे: लाल द्रव मारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर पुडीतून लाल रेघ वर येते. पहिल्या रिमला दोन स्टडच्या भोकांमधून केसाएवढी रेघ उमटली. डोळ्यांना तो धातू निर्दोष दिसत होता. ती रिम मी तिथल्या तिथे ग्राइंडरनं कापून भंगारात टाकली. तशीच ठेवली असती तर उद्या कुणीतरी रंग मारून वापरली असती. दुसरीला रेघ नव्हती, पण लेथवर चढवून डायल गेज लावला तर कड सहज दोन मिलिमीटर डुलत होती. तिसरी पाऊण मिलिमीटरच्या आत फिरली. भोकांचे उतार शाबूत, तबकडीची पाठ सपाट. व्हर्नियर लावला: सव्वापंच्याण्णव. तिला प्राइमर आणि रंग दिला. हबवर टेकणाऱ्या भागावर आणि भोकांच्या उतारावर मात्र रंग लावला नाही, कारण तिथला जाड रंग दाबानं चेपतो आणि नट ढिले पडतात. रेडियल टायरला चालणारी ट्यूब घातली आणि टायर चढवला.

चाक तयार झालं तरी काम संपलेलं नव्हतं. मी काकूंच्या वाड्यात गेलो आणि त्यांनाच चाक बदलायला सांगितलं. मी फक्त उभा राहिलो. जुन्या पान्याचा दांडा आखूड होता, त्यांच्या हातांना नट सुटेना. मी दांड्यावर चढवायला जाड पाइपचा तुकडा कापून दिला, आणि जॅकखाली ठेवायला एक फळी, कारण नर्मदेकडच्या काळ्या मातीत जॅकचा पाय रुततो. चाक उचलून स्टडवर चढवणं हे सगळ्यांत अवघड. त्यावर त्यांनीच तोड काढली: जमिनीवर बसून चाकाखाली पाना सरकवला आणि पायानं दाबून चाक वर तरफलं. नट आधी बोटांनी, मग पान्यानं समोरासमोर, आणि जॅक उतरवल्यावर शेवटचं आवळणं. हे त्यांना सांगावं लागलं नाही. वडिलांनी शिकवलेलं होतं. हवेचा गेज मी डिकीत ठेवून दिला. दर संकष्टीला त्या आता सुट्या चाकाची हवा पाहतात, कालनिर्णयच्या पानावर आकडा लिहितात आणि कमी दिसली तर मला फोन करतात.

गरुडेश्वरची वारी त्या वर्षी पंक्चरविना झाली. मधे सुरतेच्या एका हेराल्डवाल्यांचा फोन आला. त्यांनाही बारीक चाकच हवं होतं, आणि कुणीतरी त्यांना शंभरच्या पीसीडीचं चाक देऊन ठेवलं होतं, भोकं वाढवून. मी त्यांना ते चाक गाडीतून आधी काढून ठेवायला सांगितलं. मग रिमचं मोजमापांसह काढलेलं चित्र आणि पुदुपेट्टईच्या दुकानाचा नंबर पाठवला, आणि रिम हातात आली की रंग काढून माझ्याकडे घेऊन या, पेनिट्रंटचे डबे तयार आहेत, असं कळवलं. ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत.